पाटीविना दान



पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असून झोपडीवासीयांनाही ते नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. तरीही मुंबईच्या कित्येक वस्त्यांत पाणी आजही विकत घ्यावे लागते. अतिसाराची बालके आम्ही सलाईन लावून बरी करतो. पंधरवड्यात त्यांतलीच काही परत येतात. आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसांना हा खर्च बुडीत वाटतो! म्हणून वस्तीत तोटीची पिंपे व क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या. वासामुळे गोळ्या फेकल्या गेल्या. चूक आमचीच, अर्धा तास थांबावे आणि तो मंद वास हीच शुद्धतेची खूण, हे समजावलेच नव्हते. आता परिचारिका घरोघरी ते पाणी प्रथम स्वतः पितात. या कामी देणगीदारांच्या नावाची पाटी लावण्यास भिंत नाही, एवढीच अडचण आहे.