दिवस मोजणारी माणसे

आमच्या घरी माजघरात एक लोखंडी ट्रंक होती. तिला कुलूप नव्हते, तरी आम्हा मुलांना तिला हात लावायची बंदी होती. एका वर्षी नाताळाच्या आधीची झाडलोट चालली असताना आजीने ती आमच्यादेखत उघडली. वर धुऊन घडी केलेले एक पांढरे लुगडे होते. त्याखाली पवित्र शास्त्राची जुनी प्रत, आणि त्या प्रतीत वहीचा एक कागद. मी विचारले, "आजी, हे लुगडं कधी नेसणार?" आजी अगदी सहज म्हणाली, "मी नाही रे नेसणार, तुम्ही नेसवायचं. मला मातीत ठेवाल ना, तेव्हा. ऐनवेळी धावाधाव नको."

आम्ही मुले घाबरलो. आजीला मात्र त्यात घाबरण्यासारखे काही वाटत नव्हते. तिने तो कागद उलगडला. त्यावर तिच्या वेड्यावाकड्या अक्षरात देण्याचा हिशेब होता. वाण्याचे चार रुपये, शेजारणीकडून आणलेली पायलीभर ज्वारी, कुणाच्या तरी घरून आणलेली आणि अजून परत न केलेली चाळण. देणे फिटले की ती त्या ओळीवर काट मारायची. हा कागद ती दर शनिवारी रात्री दिव्याजवळ घेऊन बसे. रविवारी प्रभुभोजन असले, तर कागदावर नसलेला हिशेबही ती मनातल्या मनात करी. कुणाशी तोंडातोंडी झाली आहे काय, कुणाचे मन दुखावले आहे काय, हे आठवून ती रात्रीच चपला घालून बाहेर पडे. कुणी म्हटले, "उद्या जा की," तर तिचे उत्तर ठरलेले असे : "उद्याचा दिवस माझ्या नावावर आहे, असं कुणी लिहून दिलंय?"

आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे मरणाची आठवण आणि रोजची शिस्त. ख्रिस्ती माणसाच्या जीवनात या दोन गोष्टींची सांगड कशी बसते, ते मला आजीच्या त्या ट्रंकेपाशी पहिल्यांदा दिसले.

मरणाचे नाव काढले, की आपल्यापैकी कित्येकांना ते अभद्र वाटते. परंतु ख्रिस्ती मंडळीने वर्षाच्या पंचांगातच या आठवणीला जागा करून ठेवली आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा आरंभ राखेच्या बुधवाराने होतो. मधले रविवार वगळले, तर हा काळ 40 दिवसांचा. मागल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात, आणि धर्मगुरू ती भाविकांच्या कपाळी लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीला मिळणार आहे, याची ती खूण. वसईकडच्या कॅथॉलिक गावांत पाहिलेत, तर बागायतदार, मास्तर, कॉलेजातली पोरे, नव्वदीची म्हातारी, सगळी एकाच रांगेत उभी असतात आणि सगळ्यांच्या कपाळी एकाच भांड्यातली राख लागते. आमच्या प्रॉटेस्टंट घरात राख लावायची रीत नव्हती. पण नव्वदाव्या स्तोत्राचे वाचन वारंवार होई. आयुष्याचे दिवस मोजण्याची अक्कल देवाकडे मागणारे ते स्तोत्र आहे.

आता दिवस मोजायचे म्हणजे काय करायचे? बोटे मोडीत बसायचे? येशूने सांगितलेला एक दाखला आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. एका श्रीमंत शेतकऱ्याला अमाप पीक आले. कोठारे पुरेनात, तेव्हा त्याने ती पाडून मोठी बांधायचा बेत केला. मग आता कित्येक वर्षांची बेगमी झाली, खाऊ पिऊ, मजा करू, असे तो स्वतःशी म्हणाला. त्याच रात्री त्याचा जीव जायचा होता. या माणसाने चोरी केली नव्हती, कुणाला फसवले नव्हते. पीकही त्याच्याच शेतातले होते. त्याची चूक एवढीच, की सगळे मोजमाप करताना त्याने धान्य मोजले आणि दिवस मोजायचे राहून गेले.

याच्या उलट चूकही माणसे करतात. थेस्सलनीका नगरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत काही जणांनी कामधंदा टाकून दिला होता आणि ते लोकांच्या घरी लुडबुडत फिरत होते. पौलाने त्यांना पत्रातून चांगलेच खडसावले, आणि ज्याला काम करायचे नाही त्याने जेवायलाही बसू नये, अशा आशयाचा कडक नियम घालून दिला. पुढे सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्ट नावाच्या मठाधिपतीने आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत मरण रोज डोळ्यांपुढे ठेवावे, असे एक कलम आहे. आणि त्याच नियमांत प्रार्थना केव्हा करावी, हाताने श्रमाचे काम केव्हा करावे, वाचन केव्हा करावे, याच्या वेळाही नेमून दिल्या आहेत. मरणाची आठवण आणि कामाचे वेळापत्रक एकाच पुस्तकात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इटलीपर्यंत जायलाच हवे असेही नाही. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंची विद्वत्ता, स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून उठलेले वादळ, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आज त्यांच्या आयुष्याची शेवटची काही वर्षे आठवतात.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. मरणाची ओळख त्यांना फार लवकर झाली. 1870 नंतरच्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर, वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरलेले दोघे बहीणभाऊ पायी हिंडत कलकत्त्याला पोचले. तेथे विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरवले. पण 1880 साली भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि 1882 च्या आरंभी तेही पटकीने गेले. वयाची चोविशी पुरी व्हायच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे पाच मृत्यू या बाईने पाहिले. पदरात उरली एक वर्षाचीही न झालेली मुलगी, मनोरमा.

पुढे 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, ते नंतर पुण्यास आणले. 1896 नंतरच्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरू घातलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांतून केडगावची वसाहत उभी राहिली. तेथे शेती होती, विणकाम होते, आंधळ्या मुलींसाठी शिक्षण होते, छापखाना होता. ज्या पोरी दुष्काळात वाटेवर पडून मरायच्या, त्या खिळे जुळवायला शिकल्या.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रमाबाईंनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. बायबल मराठीत त्याआधीही आलेले होते. परंतु खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला कळेल अशा सोप्या भाषेत ते असावे, असा त्यांचा आग्रह होता. मूळ भाषांशी ताडून पाहता यावे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वय पन्नाशीकडे झुकलेले, ऐकू येणे फार पूर्वीपासून कमी झालेले, आणि शेकडो जणींच्या संसाराचा भार डोक्यावर. अशात रोज थोडे थोडे करीत हे काम दहा वर्षांहून अधिक काळ चालले.

आणि मग 1921 च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. चाळीस वर्षांची लेक, आईच्या कामातली उजवा हात, जिच्यावर सगळे सोपवून जायचे ती. श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. म्हातारपणी लेकरू जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना मी सांगायला नको. श्रद्धावंताला दुःख होत नाही, असे जे म्हणतात त्यांनी स्मशानात श्रद्धावंत आईकडे नीट पाहिलेले नसते. श्रद्धा दुःख हरण करीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हे ती सांगू शकते. केडगावात भाषांतराचे काम पुढे चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते 1924 साली. ते त्यांनी पाहिले नाही.

मला या गोष्टीतले सर्वांत मोठे बळ येथे वाटते. आपण जे लिहितो आहोत ते पुस्तकरूपाने पाहायला मिळेलच, अशी खात्री साठीच्या माणसाला कोण देणार? तरी आजचा अध्याय आज झाला पाहिजे. ज्याला आपण कायमचे राहणार आहोत असे वाटते, तो काम उद्यावर टाकतो. आपण आता जाणारच आहोत असे म्हणून जो हातपाय गाळतो, तोही ते टाकतोच. दिवस मोजणारा मात्र आजच्या वाटणीचे काम उचलतो, आणि उरलेले पुढच्याच्या हाती देतो. त्या छापखान्यातल्या बायांनी पुढचे काम पुरे केले.

हे सगळे मी सांगतो आहे खरे, पण मी स्वतः हे वेळेवर शिकलो नाही. माझा एक धाकटा भाऊ होता. शेताच्या बांधावरून आमचे बिनसले. बांध तो केवढा, दोन हात रुंदीचा. बोलणे तुटले. पुढे मला पुरते कळून चुकले होते, की अधिक चूक माझी आहे. प्रत्येक प्रभुभोजनाच्या रविवारी मला आजीची चपलांची घाई आठवे. मग मी स्वतःला सांगे, की सुगी होऊ दे, मग जाऊ. पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग जाऊ. अशी तीन वर्षे गेली. एके दिवशी पहाटे निरोप आला आणि मी धावत गेलो. त्याला मूठमाती देताना माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला. पण तो ऐकायला भाऊ नव्हता. देवाने क्षमा केली असेल, अशी माझी श्रद्धा आहे. पण भावाची क्षमा मागायची एक वेळ असते, आणि ती मी दवडली.

त्यानंतर मी एक वही घातली आहे. तीत पैशाचे देणे थोडे असते, दुसऱ्या गोष्टीच अधिक असतात. कुणाला पत्र लिहायचे राहिले, कुणाच्या आजारपणात जायचे राहिले, घरात कुणावर उगाच आवाज चढवला. सकाळी प्रार्थना झाली की त्यांतली एक ओळ त्या दिवसासाठी निवडतो. सगळ्या ओळी रोज खोडून होत नाहीत. कित्येकदा आळस आडवा येतो, कित्येकदा अहंकार. शिस्त शिस्त म्हणतात ती अशीच रखडत, मोडत, पुन्हा उभी राहत चालते. आजीचा कागद इतका सरळ दिसायचा, याच्यामागे तिची किती वर्षे गेली असतील, हे मला आता उमगते.

श्रोत्यांपैकी सगळेच काही ख्रिस्ती नाहीत, आणि तसे असण्याची गरजही नाही. मरणाची आठवण ठेवून वागावे, हे आपल्या मराठी संतांनीही घरोघरी पोचवले आहे. ख्रिस्ती माणूस त्यात आपल्या श्रद्धेची एक गोष्ट मिळवतो. मातीला मिळणे हा शेवट नसून आपल्याला पुन्हा उठवणारा कुणी आहे, असे तो मानतो. म्हणून राखेच्या बुधवारानंतर चाळिसाव्या दिवसाच्या पलीकडे ईस्टरची पहाट असते. पण त्या पहाटेच्या भरवशावर त्याने शेजारणीची चाळण ठेवून घ्यायची नसते.

आजी गेली ती एका बुधवारी, दुपारी. आम्ही ट्रंक उघडली. लुगडे होते, पवित्र शास्त्र होते, कागदही होता. कागदावरच्या सगळ्या ओळींवर काट मारलेली होती; फक्त शेवटची एक उरली होती : कोपऱ्यावरच्या म्हातारीला दोन अंडी द्यायची. वडिलांनी ती त्याच संध्याकाळी, दफनविधीहून परत येताना, नेऊन दिली.