चपला दाराबाहेर, पण कुणाच्या?

आज आपण चपलांवर बोलणार आहोत. हसू नका, आमच्या गटात या विषयावर चांगली वादावादी झाली.

तसं पाहिलं तर आपल्याकडं पाहुण्याला ‘चपला काढा’ म्हणावं लागत नाही. उंबऱ्याशी आला की तो आपणच काढतो, तांब्यानं पायावर पाणी घेतो. अडतं ते बुटवाल्यापाशी. वसुलीचा साहेब येतो, विमावाला येतो, शहरातला सोयरा येतो. बूट घालून सरळ सतरंजीपर्यंत. आणि आपण म्हणतो, “असू द्या, असू द्या!” त्याच बैठकीला आलेली मजूर बाई मात्र अंगणातच चपला काढते, फाटक्या असल्या तर भिंतीआड सारते आणि दाराशीच टेकते.

हे आम्हाला पटत नाही. आपल्या कित्येक गावांत दलित माणसाला वाड्यासमोरून जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं. म्हाताऱ्या बायांना ते अजून आठवतं. म्हणून एकीला काढायला लावायचं आणि दुसऱ्याला सूट द्यायची, याला स्वच्छता म्हणता येत नाही. सांगायचं तर साहेबालाही सांगू, आणि चपला काढून आलेल्या बाईला आत सतरंजीवर बसवू.

सांगायला कारण आहेच. गोठ्यातलं शेण, हागणदारीची वाट, फवारणी केलेल्या रानातली माती, सगळं तळव्याला चिकटून येतं. घरात रांगतं पोर असलं की तेच हात फरशीवर आणि तेच तोंडात. फवारणीचे बूट तर घरच्या माणसाचे असले तरी बाहेरच राहू देत.

पण चपला काढायच्या त्या घरात. परसात, रानात, संडासात अनवाणी जायचं नाही. हुकवर्म नावाच्या जंताच्या अळ्या विष्ठा मिसळलेल्या ओल्या मातीत असतात आणि पायाच्या कातडीतून अंगात शिरतात. ते जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. आपल्यात आधीच रक्त कमी असलेल्या बाया थोड्या नाहीत. संडासापाशी एक चपलांचा जोड कायमचा ठेवा.

काही जणांना मात्र आग्रह नको. जुना मधुमेह असलेल्याला कधी कधी पायाला टोचलेलं, भाजलेलं कळत नाही, आणि जखम लवकर भरत नाही. त्यांच्यासाठी घरात घालायच्या धुतलेल्या चपला काढून ठेवा. गुडघे धरलेल्या म्हातारीला वाकवत नाही, तिला दाराशी खुर्ची द्या. अडलेल्या बाळंतिणीसाठी नर्सबाई धावत आल्या तर त्यांच्या पायाकडं बघूच नका.

आता सांगायचं कसं? तोंड वाकडं न करता. “पोरगं रांगतंय हो, बूट इथंच राहू द्या,” एवढं पुरतं. सारवलेलं घर असेल तर “आत ओलं आहे” म्हटलं की माणूस स्वतःच थांबतो. बोलायला जीभ रेटत नसेल तर दाराशी गोणपाट टाका, पाण्याची बादली ठेवा, घरातल्यांच्या चपला ओळीनं लावा. पुष्कळांना तेवढ्यानंच समजतं.

आणि चपला ठेवायला जागा करा बरं का! कुत्र्यानं एक उचलून नेली तर पाहुण्यानं जायचं कसं? दोन-तीन विटांवर जुनी फळी टाकली की झालं. पावसाळ्यात ती भिंतीकडं सरकवा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी चपलांत पडत नाही.