बहिरेपणाची लाज कशाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



आजच्या वर्गात मी अर्थकारणावर बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा होती. त्यांच्या परवानगीने मी विषय बदलला आहे. मी माझ्या कानांविषयी बोलणार आहे. विषय खासगी वाटेल. परंतु तो तितकासा खासगी नाही, हेच मला सांगावयाचे आहे.

२०१८ च्या पावसाळ्यात एका सूतगिरणीतील कामगारांच्या सभेला मला बोलावले होते. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत होता. एका कामगार भगिनीने उठून सांगितले की, गिरणीने साठ माणसांना कामावरून कमी केले आहे. मी ऐकले ‘आठ’. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “इतक्या थोड्यांसाठी एकदम संपाची भाषा नको, आधी बोलणी करून पाहा.” सभा गप्प झाली. मागून कोणीतरी काही विचारले. ते मला ऐकू आले नाही, म्हणून मी नेहमीच्या सवयीने हसून मान डोलावली.

काही महिन्यांनी त्या सभेतला एक तरुण कार्यकर्ता घरी आला, तेव्हा मला खरा प्रकार कळला. मागून आलेला प्रश्न होता, “साठ घरं म्हणजे थोडी का, सर?” आणि त्यावर मी मान डोलावून ‘होय’ म्हटले होते. तो म्हणाला, “तुम्हांलाच ती थोडी वाटली, मग आम्ही पुढे काय बोलणार?” त्या साठांपैकी बहुतेक जण तोवर पांगले होते. माझ्या एका वाक्याने त्यांची नोकरी गेली असे मी म्हणत नाही. ती आधीच गेली होती. परंतु त्या दिवशी त्यांना जो आधार हवा होता, तो माझ्या बहिरेपणाने नव्हे, तर बहिरेपण लपविण्याने काढून घेतला.

‘साठ’चे ‘आठ’ कसे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. अंतर्कर्णातील शंखाकृती भागात, प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयाने आणि गोंगाटाने प्रथम झिजतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले व जोरकस असतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली व क्षीण असतात. म्हणून माझ्यासारख्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. घरातली माणसे म्हणतात, “तुम्ही लक्षच देत नाही.” आपणही तेच खरे मानतो आणि समोरचा पुटपुटतो अशी तक्रार करीत राहतो.

माझ्या पत्नीने त्या आधी तीन वर्षे तपासणीचा आग्रह धरला होता. मी टाळत होतो. चष्मा लागला तेव्हा मला संकोच वाटला नव्हता. चष्मा म्हणजे विद्वत्तेची खूण! कानाचे यंत्र मात्र म्हातारपणाची आणि मंदपणाची खूण समजली जाते. आपल्या नाटकांतून आणि घरगुती गप्पांतून आंधळ्याला सहानुभूती मिळते, बहिऱ्याच्या वाट्याला विनोद येतो. तो विनोद आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून मी वर्गात प्रश्नोत्तरे कमी केली, समितीच्या बैठकीत शेवटी बोलू लागलो, फोन पत्नीच्या हाती देऊ लागलो. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष झाले तर माणूस एकटा पडतो. उतारवयातील स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर उपाय करता येतो, त्यांत ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ पासून त्याची गणना केली आहे.

अखेर तपासणी झाली. दोन्ही कानांत सरासरी ५० डेसिबलची घट निघाली. यंत्रे बसविली आणि पहिले आठ दिवस मी ती काढून फेकण्याच्या बेतात होतो. वर्तमानपत्राचे पान उलटले तरी पत्रा फाटल्यासारखा आवाज. भांड्यांचा खणखणाट असह्य. स्वतःचे बोलणे पिंपातून आल्यासारखे. चष्मा लावताच दिसते, तसे यंत्र लावताच ऐकू येत नाही. अनेक वर्षे जे ध्वनी मेंदूपर्यंत पोचलेच नव्हते, त्यांतले कोणते घ्यावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे मेंदूला पुन्हा शिकावे लागते. त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. मला सल्ला मिळाला तो असा : प्रथम शांत खोलीत एका माणसाशी बोला, मग जेवणाच्या टेबलावर बसा, बाजार आणि सभा शेवटी. यंत्र बसविणाऱ्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन आवाजाची जुळणी करून घ्या. यंत्र खणात ठेवून सवय होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पावसाची रिपरिप थांबल्यावर पागोळ्यांचे एकेक थेंब पडताना ऐकू आले. तेव्हा वाटले की हा त्रास सोसण्यासारखा आहे. अडचणी आजही आहेत. गलक्यात यंत्र शब्दाबरोबर गोंगाटही मोठा करते. दहा हातांवरून बोललेले नीट कळत नाही. पावसाळ्यात रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे लागते, आणि घटकंचुकी अशी की बॅटरी नेमकी भाषणाच्या मध्येच संपते.

आता थोडे अर्थशास्त्र. माझे निवृत्तिवेतन होते म्हणून मी यंत्रांची जोडी घेऊ शकलो. चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या पुढे सहज जाते, आणि जगातील ह्या बाजारपेठेचा बहुतांश हिस्सा मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना उपचार वा साहाय्य लागावे इतका श्रवणदोष आहे. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल त्यांपैकी ते वापरतात अवघे १७ टक्के. गरज प्रचंड, परंतु खिशात पैसा नसल्याने बाजाराच्या भाषेत ती ‘मागणी’च नव्हे. अपंगांना साधने पुरविण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे, मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. त्यांचा लाभ अनेकांना झाला आहे. परंतु २०१६ च्या कायद्याने कर्णदोषी म्हणून धरले जाते ते दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट झाल्यावर. म्हणजे ‘साठ’ला ‘आठ’ ऐकणारा माझ्यासारखा माणूस कायद्याच्या लेखी धडधाकट!

आणि ही घट केवळ वयाने होत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये पाच मिनिटे उभे राहा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे धरली गेली. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे लक्षात घेतले तर ९० आणि ९९ यांतले अंतर किती भयंकर आहे ते कळेल : ऊर्जा आठपट! गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातील व्यवसायजन्य रोगांत झाला होता, परंतु अनेक शेड इतके लहान की ते कायद्याच्या व्याख्येबाहेरच राहतात. हात तुटला तर भरपाईची चर्चा तरी होते. कान गेला तर ‘वय झाले’ असे म्हणून मालकही मोकळा होतो आणि आपणही.

म्हणून तुमच्याकडे माझ्या काही मागण्या आहेत. आपल्या भागातील कामगारांच्या श्रवणचाचण्यांचा आग्रह धरा, आणि कानांत घालावयाची बोंडे ही मालकाची मेहेरबानी नसून जबाबदारी आहे, हे सांगा. सभेत एका वेळी एकानेच बोलावे. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा. आम्ही ओठही वाचतो. “ऐकू आले ना?” असे विचारू नका, आमचे उत्तर नेहमी ‘हो’च असते, “काय ठरले ते सांगा” असे म्हणा. आणि कोणताही आकडा असो, तो फळ्यावर लिहा.

माझ्यासारख्यांना एकच सांगणे आहे. ऐकू आले नाही तर हात वर करून “पुन्हा सांगा” म्हणा. त्या दिवशी मी एवढे दोन शब्द बोललो असतो, तर माझी थोडी फजिती झाली असती, इतकेच.