चंद्रावरचे गायरान

(नांदेड येथे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत ‘अंतराळ’ हा शब्द पाहून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील कार्यकर्त्यांनी चंद्राची चर्चा कशासाठी करावी, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की हा प्रश्न मुळात चंद्राचा नाही. तो गायरानाचा आहे.

गायरान म्हणजे काय, हे आपल्याकडच्या भूमिहीनाला शिकवावे लागत नाही. कागदावर ते सरकारचे, वहिवाटीने गावाचे. प्रत्यक्षात गावातला बलदंड आपला बांध दरसाल हातभर पुढे सरकवतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. भूमिहीनाने पोटासाठी तिथे नांगर धरला, की मात्र पंचनामा होतो. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या मुळाशी हाच सवाल होता : जे सर्वांचे म्हणवले जाते, ते प्रत्यक्षात कोणाच्या हाती आहे?

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये अंतराळ हे असेच गायरान ठरले. चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही आणि अंतराळवीर हे समस्त मानवजातीचे दूत मानले जातील, असे त्यात नमूद आहे. हा करार झाला तेव्हा दोन महासत्तांची शर्यत ऐन भरात होती. गागारिन १९६१ मध्ये अंतराळात गेला, १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, हे त्या चढाओढीचेच फळ, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण चढाओढीच्या पोटी जन्मलेले कार्य तिच्याबरोबरच ओसरते. डिसेंबर १९७२ नंतर पन्नास वर्षे चंद्रावर कोणाचेही पाऊल पडले नाही.

टिकले ते सहकार्य. १७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयुझ ही याने अंतराळात जोडली गेली. तत्पूर्वीच्या जोडणीत एका यानाला दांडा, तर दुसऱ्याला खोबण असे. या वेळी दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी अशी रचना केली, की दोन्ही बाजू सारख्याच असाव्यात आणि कोणत्याही यानाला पुढाकार घेता यावा. समानतेचे तत्त्व त्यांनी लोखंडात उतरवले. पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून माणसाचा वास अखंड राहिला. २०११ मध्ये अमेरिकेची शटल-याने निवृत्त झाल्यावर २०२० पर्यंत तिचे अंतराळवीर रशियाच्या यानातूनच तेथे जात होते. २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने आक्रमण केले, तरीही त्या स्थानकातील एकत्र काम थांबले नाही.

मात्र सहकार्याचे नाव घेतल्याने सारे साधते असे नव्हे. २०११ पासून अमेरिकेच्या कायद्याने चीनशी अंतराळ-सहकार्याची वाट जवळजवळ बंद केली. चीनने आपले स्वतंत्र स्थानक उभारले. आपलाही अनुभव असाच आहे. रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान घेण्याचा करार आपण केला, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. भारतीय शास्त्रज्ञांनी ते इंजिन स्वतः घडवले. ३० जुलै २०२५ रोजी त्याच स्वदेशी इंजिनाच्या बळावर ‘निसार’ हा भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह श्रीहरिकोट्याहून झेपावला. जमिनीची सेंटिमीटरभर हालचाल टिपणे, हे त्याचे काम. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना या कामाचे मोल निराळे सांगायला नको. उपग्रह भूकंपाचे भाकीत करीत नाही. पण भूकंपानंतर जमीन कोठे किती सरकली, भूजल उपसल्याने ती कोठे खचते आहे, हे तो दाखवू शकतो. ज्याच्या हाती स्वतःचे काही असते, त्याच्याशीच बरोबरीने सहकार्य होते, हा यातला धडा आहे.

आता माणसाच्या अंतराळप्रवासाकडे वळू. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोव्हिएत यानातून गेले. ती जागा मैत्रीपोटी मिळाली होती, जरी त्या मैत्रीमागे शीतयुद्धाचे हिशेब होते. पोलंडचा पहिला अंतराळवीर १९७८ मध्ये व हंगेरीचा १९८० मध्ये याच मार्गाने गेला होता. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत याच दोन देशांचे अंतराळवीर होते. परंतु या वेळी मोहीम एका खासगी कंपनीची होती आणि आपली जागा सुमारे ५५० कोटी रुपये मोजून घेतलेली होती. शुक्लांच्या धैर्याविषयी व अभ्यासाविषयी मला आदरच आहे. माझा मुद्दा एवढाच, की चार दशकांत अंतराळाचा दरवाजा राष्ट्रांच्या हातून कंपन्यांच्या हाती सरकला आहे.

चंद्रावरही तेच घडू पाहत आहे. १९७९ च्या चंद्र-कराराने तेथील संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा ठरवली. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली. अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेले नाही. उलट २१ जून २०२३ रोजी आपण अमेरिकाप्रणीत ‘आर्टेमिस’ करारनाम्यावर सही केली. चंद्रावरील खनिजे काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, असे त्यात म्हटले आहे. यानांभोवती तात्पुरत्या ‘सुरक्षा क्षेत्रां’ची तरतूदही आहे. हेतू सुरक्षिततेचाच असेल. पण तात्पुरते कुंपण पुढे कायमचे कसे होते, हे आपण आपल्या शिवारात पाहिले आहे. दुसरीकडे चीन आणि रशिया यांनी आपला वेगळा तळ योजला आहे. म्हणजे गायरानाच्या दोन टोकांना दोन बलदंड खुंट रोवीत आहेत.

उद्या गगनयानातून भारतीय माणूस स्वतःच्या यानाने जाईल. त्या दिवशी आपण अभिमानाने टाळ्या वाजवू, आणि वाजवाव्यातही. पण जगाच्या बैठकीत भारत एखाद्या गटाचा भागीदार म्हणून बसणार, की ज्यांच्याकडे याने नाहीत अशा देशांचा कैवारी म्हणून? चंद्र-कराराचे अनुसमर्थन करावे आणि चंद्रावरील उत्खननाचे नियम संयुक्त राष्ट्रांत ठरावेत, अशी मागणी आपल्या जिल्ह्यांतून झाली पाहिजे. आपापल्या खासदारांना याविषयी पत्र लिहा. गावच्या गायरानासाठी भांडणाऱ्याला ही भाषा अनोळखी वाटणार नाही.