'छान' लिहायला मनाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी महाविद्यालयात मराठी शिकवते. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वीसेक वर्षं फळा, खडू आणि समोर बसलेली पोरं एवढ्यावर माझं छान भागलं होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या पावसाळ्यात आमचा वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागला. हजेरीपटावर नावं ४६. पडद्यावर दिसायचे वीस-बावीस काळे चौकोन. मी कविता शिकवायची, मध्येच थांबून विचारायची, "कळलं का?" बऱ्याच वेळानं एखादा चौकोन म्हणायचा, "मॅडम, आवाज तुटतोय."

मुलांचा दोष नव्हता. घरात फोन एक आणि शिकणारी भावंडं तीन. तासभराचं चित्रासह व्याख्यान ऐकायचं तर दिवसाचा डेटा त्यातच संपायचा. पण चार-पाचशे शब्द लिहून पाठवायला नि वाचायला काही किलोबाइट पुरतात, आणि ते रात्री अकराला, भावाचा अभ्यास झाल्यावरही करता येतं. या साध्या हिशेबातून मी ब्लॉगकडे वळले. कुठलीही थोर शैक्षणिक दृष्टी त्यामागे नव्हती, हे आधीच कबूल करते.

ब्लॉग ही तशी जुनी वस्तू. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ चा, त्याचं 'ब्लॉग' हे आटोपशीर रूप १९९९ चं. मराठीत त्याला 'अनुदिनी' असा देखणा शब्दही निघाला होता. पण माझी मुलं "मॅडम, ब्लॉगवर टाकलंय" असंच म्हणतात. मीही तो नाद सोडला. देवनागरी टंकलेखनाची धास्ती मला होती, मुलांना नव्हती. ती फोनमध्ये बोलतात आणि फोन लिहितो. फक्त विरामचिन्हं कुठे पळून जातात ते कळत नाही!

पहिला विषय दिला, 'माझा आवडता ऋतू'. आले ते शाळेतलेच निबंध. आवडता ऋतू पावसाळा, मोर नाचतो, शेतकरीराजा आनंदतो. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांचे वडील शेतकरी, आणि त्यांतला एकही त्या वर्षी आनंदात नव्हता. मुलं माझ्यासाठी लिहीत होती, म्हणजे गुणांसाठी. मग मी दोन गोष्टी केल्या. विषय बदलला: घरातलं एक काम, जे तुम्ही स्वतः हातानं केलंय. आणि नियम घातला की प्रत्येकानं दर आठवड्याला दोघांच्या लेखनाखाली एकेक प्रश्न विचारायचा. 'छान', 'मस्त', 'खूप सुंदर' असं लिहायला सक्त मनाई. गुण लेखनाला कमी, प्रश्नाला जास्त.

एका मुलानं कांद्याची चाळ निवडण्याबद्दल लिहिलं. आठच ओळी. वर्गात त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खाली शहरातल्या एका मुलीनं विचारलं, "चाळ म्हणजे घरांची ना? तिच्यात कांदे कसे?" पोराला हसू आलं असणार, पण त्यानं उत्तर लिहिलं. उन्हाळ कांदा काढल्यावर भाव येईपर्यंत तो साठवायचा कसा, खालून नि बाजूनं वारा खेळावा म्हणून फटी ठेवायच्या कशा, हे सगळं. दुसऱ्यानं विचारलं, "सडलेला कांदा ढिगात ओळखायचा कसा?" त्यावर तो लिहितो, हात घातला की आधी नाकाला कळतं, डोळ्यांना नंतर दिसतं. श्रोतेहो, वीस वर्षं वर्णनात्मक लेखन शिकवून असं वाक्य मला एकाही मुलाकडून मिळालं नव्हतं. ते त्या मुलीच्या अडाणी प्रश्नानं मिळालं. मला चाळ ठाऊक असल्यामुळे मी तो प्रश्न कधीच विचारला नसता.

इथवर सांगितलं की लोक माझं कौतुक करतात. पुढचं सांगायला जड जातं.

तो ब्लॉग मी जगाला खुला ठेवला होता. वाचक वाढले तर मुलांना हुरूप येईल, असं वाटलं. त्याच मुलानं, आता हात चांगला चालायला लागल्यावर, वडिलांनी घेतलेल्या हातउसन्या पैशांबद्दल लिहिलं. कोणाकडून, किती, आणि ते मागायला आलेला माणूस ओट्यावर कसा बसून राहिला. लेखन उत्तम होतं. मी त्याला तसं कळवलंही. दोन दिवसांत त्याचं छायाचित्र गावातल्या फोनांवर फिरलं. तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, आमच्या घरातलं तुम्ही चावडीवर कशाला नेलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेख मी लगेच काढला, पण फिरलेलं छायाचित्र काढता येत नाही. मुलगा दीड महिना काहीच लिहीत नव्हता. मी त्याला नंतर काही विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मी गमावला होता.

त्या दिवसांत मला साने गुरुजींची आठवण झाली. अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढत. शिक्षक रोज लिहितो आणि मुलं रोज वाचतात, यात ब्लॉगचं बरंचसं आलं. फरक एवढाच की ते वाचणारी मुलं एका छपराखालची होती. वाचक कोण, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मी मात्र मुलांना वाचक मिळवून देण्याच्या भरात कोणते वाचक, याचा विचारच केला नव्हता.

म्हणून आता आमचा ब्लॉग बंद दाराआडचा आहे. निमंत्रण असलेल्यांनाच दिसतो. मुलं टोपणनाव घेतात. घरातल्या माणसाविषयी लिहिलं तर आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. चुका मी सगळ्यांदेखत काढत नाही, त्या वेगळ्या कळवते. काही सहकाऱ्यांना वाटतं, मी शुद्धलेखनाकडे काणाडोळा करते. करते थोडा. ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या वर्षीही दुरुस्त करता येतं. पण एकदा मिटलेलं तोंड पुन्हा उघडत नाही.

महाविद्यालयं पुढे उघडली, तरी नोकरी करून शिकणाऱ्यांचा माझा एक वर्ग अजून रविवारी ऑनलाइन भरतो आणि ब्लॉगही चालू आहे. आता नवी अडचण आहे. विषय सांगितला की पानभर मजकूर तयार करून देणारी यंत्रं प्रत्येकाच्या खिशात आहेत. गेल्या वर्षी एकानं 'आजीचं जातं' असा गुळगुळीत लेख टाकला. खाली कुणीतरी विचारलं, "जात्याचा खुंटा कुठल्या लाकडाचा होता?" तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी त्यानं तो लेख स्वतःच काढला आणि रात्रपाळीच्या बसमध्ये झोप कशी लागते यावर सहा ओळी लिहिल्या. त्यांखाली अकरा प्रश्न आले.

कांद्याच्या चाळीवर लिहिणारा मुलगा नंतर परत लिहू लागला; मोटारीच्या पंपावर, विजेच्या वेळांवर. घरातल्या माणसांवर मात्र त्यानं पुन्हा कधी लिहिलं नाही. तो आता पदवी घेऊन बाहेर पडलाय.

या आठवड्याचा विषय आहे 'आमचा एसटीचा थांबा'. सोळा जणांचं लेखन आलंय, बाकीचे परीक्षेचं कारण सांगताहेत. मला घरी जाऊन ते वाचायचं आहे, तेव्हा रजा घेते. नमस्कार.