गच्चीवरची ती तार
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत वीस मीटरची तार आहे. ती कपडे वाळत घालायची नाही, हे एवढ्या वर्षांत बहुतेकांना कळलंय! ती माझ्या हॅम रेडिओची अँटेना. सरकारी परीक्षा देऊन, लायसन काढून करायचा हा छंद. त्यातून पैसे मिळवता येत नाहीत.

मग उपयोग काय? डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक गट अंदमानला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. तेव्हा पोर्ट ब्लेअरहून याच रेडिओवर लोकांची खुशाली बाहेर कळू लागली. २६ जुलै २००५ ला आपलेही मोबाइल मुके झाले होते, आठवतंय ना?

आता अमेरिकेतली गोष्ट. तिथेही आपल्यासारख्या सोसायट्या आहेत. १९८५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने नगरपालिकांना बजावलं, की हॅम अँटेनाला वाजवी सवलत द्या. सोसायट्यांच्या खासगी नियमांना मात्र हात लावला नाही. १९९६ पासून टीव्हीची छोटी डिश सोसायटी अडवू शकत नाही, पण हॅमची तार अडवू शकते. हे बदलणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०१६ आणि २०१७ मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं. २०२५ मध्ये तशाच हेतूचं विधेयक पुन्हा मांडलं गेलं. विरोधकांचं म्हणणं, घर घेताना नियम मान्य केलेत ना? तेही अगदीच खोटं नाही.

हे आज सांगतोय, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्याही गच्चीच्या नियमांचा मसुदा येतोय. 'कोणतीही खासगी तार नको' असं त्यात कलम आहे. सोलर पॅनेल हवीतच, वॉटरप्रूफिंगलाही धक्का नको. मागे टीव्हीत खरखर आली तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी मला चांगलंच झापलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी फिल्टर बसवला. म्हणून विनंती एवढीच: सरसकट बंदीऐवजी 'लायसनधारकास कमिटीच्या लेखी परवानगीने, स्वतःच्या खर्चाने व जबाबदारीवर' एवढे शब्द घाला. अमेरिकेत ज्यासाठी संसद लागते, ते आपण हात वर करून करू शकतो.

मुलांनो, बारा वर्षं पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते. रेडिओ बघायला रविवारी सकाळी घरी या. आईबाबांनाही आणा, चहा तयार ठेवतो.