वाचकाची मान
(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी मराठीचा अध्यापक. वैद्यकातला अधिकारी नव्हे. तरीही आज मानेच्या विकाराविषयी बोलण्यास उभा आहे, तो एका सहीमुळे.

आपल्या देवघेव विभागाच्या नोंदवहीत एका ज्येष्ठ सभासदांची सही वर्षानुवर्षे उमटत आली. अक्षर मोत्यासारखे. पुढे त्या अक्षराच्या वेलांट्या तुटू लागल्या, रेघ थरथरू लागली. ग्रंथपालांच्या ते प्रथम ध्यानी आले. विचारले तेव्हा ते गृहस्थ हसून म्हणाले, "वय झाले, सर." सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागे, जिना उतरताना कठडा लागे, तेही वयाच्याच खात्यावर जमा झाले. मान मुळीच दुखत नव्हती. त्यामुळे मानेकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि वर्ष निघून गेले.

माणसाच्या मानेत सात मणके असतात. (जिराफाच्याही सातच!) मणक्यांमधील चकत्या वयपरत्वे कोरड्या पडतात, त्यांची उंची घटते, कडांना हाडाचे टोकदार उंचवटे येतात. यालाच सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस म्हणतात. साठी उलटलेल्या बहुतेकांच्या क्ष-किरण चित्रात या खुणा दिसतात. पण त्यांतील अनेकांना काहीच त्रास नसतो. म्हणून नुसते चित्र पाहून धास्तावू नये, आणि त्रास असेल तर केवळ चित्रावर विसंबूही नये.

सर्वसाधारण लक्षणे आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची असतील. सकाळी मान आखडते, मागे वळून पाहता येत नाही, दुखणे खांद्यापर्यंत व पाठीच्या फऱ्यापर्यंत उतरते, डोक्याची मागची बाजू ठणकते. मणक्याजवळ नस दाबली गेली तर कळ हातात जाते. मुंग्या कोणत्या बोटांना येतात हे नीट पाहून डॉक्टरांना सांगावे. अंगठा व तर्जनी, मधले बोट किंवा करंगळी, यांवरून कोणती नस दाबली गेली याचा त्यांना अंदाज येतो. मात्र रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर दोष बहुधा मनगटातील नसेचा असतो. उत्तरपत्रिकांच्या हंगामात मी स्वतः या दोहोंत गल्लत केली होती.

चक्कर आली की "मानेचीच" असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पुष्कळदा आतल्या कानातून किंवा रक्तदाबातूनही येते. डाव्या हातातील कळेसोबत छाती आवळत असेल, घाम फुटत असेल, तर मानेचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

परंतु सर्वांत फसवा प्रकार मज्जारज्जूच दाबला जाण्याचा. त्यात वेदना असतेच असे नाही. बोटांची नाजूक कामे बिघडतात, अक्षर बदलते, पाय जड होतात, चालताना तोल जातो. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखी लहर उतरते. लघवीवरचा ताबा सुटू लागला तर एक दिवसही दवडू नये. येथे मालीश आणि मान मोडून घेणे हे नुसते निरुपयोगी नव्हे, घातक आहे. गळ्यातील पट्ट्याचेही तसेच; दीर्घकाळ बांधला तर मानेचे स्नायूच दुबळे होतात.

आपले पूर्वज पोथीसाठी लाकडी घडीचे व्यासपीठ वापरीत, ते उगीच नव्हे. पुस्तक डोळ्यांच्या दिशेने उचलून धरले की मान कमी वाकते. आज मांडीवरच्या मोबाईलने ती पुन्हा वाकवली आहे. वाचनकक्षातील मेजांवर उतरते फळे बसवावेत, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

त्या सभासदांची एम.आर.आय. तपासणी झाली, मागोमाग शस्त्रक्रियाही. अशी शस्त्रक्रिया मुख्यतः पुढची हानी थांबवते. गमावलेले सारे परत मिळेलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्यांचा तोल बराचसा सावरला. दर शनिवारी ते काठी न घेता येतात, दोन पुस्तके नेतात. नोंदवहीतील सही मात्र अजून तिरपीच उमटते.